गाई गेल्या, आता जमिनीचं काय? पेनसिल्वेनियातलं जुनं डेअरी फार्म कायमचं राखताना

आम्ही फार्म घेतलं तेव्हा दूधघरातल्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलेलं तसंच होतं : '४१७, मागचा डावा सड, दूध बाजूला'. चारशे सतरा नंबरच्या गाईला कासदाह झाला होता, औषध चालू होतं आणि तिचं दूध मोठ्या टाकीत जाऊ द्यायचं नव्हतं. ती गाय आणि तिच्यासोबतचा अख्खा कळप आम्ही येण्याच्या कितीतरी आधी लिलावात गेला होता. अमेरिकेत २००३ साली दूध विकायचा परवाना असलेले सत्तर हजारांवर कळप होते. २०२२ पर्यंत ते अठ्ठावीस हजारांच्याही खाली आले. दुधाला भाव नाही, मुलं शहरात, म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले. गोठा रिकामा झाला की पुढच्याच आठवड्यात प्लॉट पाडणाऱ्याचा फोन येतो.

आम्ही म्हणजे मी, नवरा, दीर-जाऊ आणि एका मित्राचं कुटुंब. आग्नेय पेनसिल्वेनियात १७४ एकर. जमीन घ्यायची आणि तिचे तुकडे कधीच होऊ द्यायचे नाहीत, एवढंच ठरलेलं होतं. ते कसं करायचं हे चुका करत शिकलो. इकडच्या मराठी मंडळींपैकी बरेच जण हल्ली जुनी फार्म बघत असतात, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितेय. नियम पेनसिल्वेनियाचे आहेत. शेजारच्या राज्यात तपशील बदलतील, क्रम बहुधा हाच राहील.

आधी ईझमेंट म्हणजे काय ते

कॉन्झर्वेशन ईझमेंट समजायला सातबारा डोळ्यांसमोर आणा. त्यात 'इतर हक्क' असा रकाना असतो. जमीन तुमचीच, पण कुणाची वहिवाट, कुणाचा बोजा तिथे लिहिलेला असतो आणि तुम्ही जमीन विकलीत तरी तो पुसला जात नाही. ईझमेंटही तसंच जमिनीला चिकटतं. प्लॉट पाडणं, घरांच्या रांगा उभ्या करणं, खाण खोदणं असे हक्क तुम्ही कायमचे सोडता आणि ते कुणी परत वापरू नयेत हे बघण्याचा अधिकार लँड ट्रस्टला (जमिनी राखणारी ना-नफा संस्था) किंवा काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) देता. मालकी तुमचीच राहते. विका, गहाण ठेवा, मुलांच्या नावे करा. लोकांना आत येऊ देण्याचं बंधनही शेतजमिनीच्या ईझमेंटमध्ये सहसा नसतं. जाऊबाईंना सुरुवातीला हीच भीती होती, की उद्या कुणीही कुत्रं घेऊन आपल्या अंगणातून फिरेल.

करसवलतीचा कायदा १९८० चा आहे, प्राप्तिकर कायद्याचं कलम १७०(एच). त्यातला शब्द 'कायमचं' असाच आहे. तीस वर्षांचं ईझमेंट केलंत तर ही सवलत नाही. म्हणून दस्तातली प्रत्येक ओळ लिहिताना मनात शंभर वर्षांनंतरचा माणूस हवा. त्याला फोन करून 'आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं' असं सांगता येणार नाही.

पहिलं वर्ष : फक्त चाला

लोक आधी वकील गाठतात. आम्हीही तेच केलं आणि पहिल्या मसुद्याचे पैसे पाण्यात गेले, कारण आपल्या जमिनीवर काय आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. चारही ऋतू जमिनीवरून चाला. मार्चमध्ये बर्फ वितळताना पाणी कुठे साचतं ते कळतं, जूनमध्ये कुठल्या कुरणातून पक्षी उडतात ते दिसतं, नोव्हेंबरमध्ये पानं गळली की गवतात बुडालेली काटेरी तार आणि जुना उकिरडा उघडा पडतो.

वर्षभर थांबायला एक रोकडं कारणही आहे. जमीन ताब्यात येऊन वर्ष व्हायच्या आत ईझमेंट दान केलंत, तर वजावट तुमच्या खरेदीखर्चाच्या हिशेबातच अडकते, बाजारभावाची मिळत नाही.

घरी बसून दोन गोष्टी फुकट होतात. सरकारच्या 'वेब सॉइल सर्व्हे'वर आपल्या जमिनीची हद्द आखली की मातीचे प्रकार, उतार आणि शेतीची प्रतवारी मिळते. 'पेन पायलट' या संकेतस्थळावर १९३७ ते १९४२ च्या काळात विमानातून घेतलेले फोटो आहेत. आमच्या ओढ्याची तेव्हाची वाट आजच्यापेक्षा वळणाची दिसली. नंतर कुणीतरी तो सरळ करून टाकला असणार. ते चित्र पुढे फार उपयोगी पडलं.

गोठ्याने मागे ठेवलेलं

पिकांचं जुनं शेत आणि जनावरांचं जुनं फार्म यांत फरक आहे तो इथे. खालच्या गोष्टी दस्ताच्या आधी निस्तरा, कारण ट्रस्ट पर्यावरण-तपासणीचा अहवाल मागणारच.

सगळ्यात मोठी बाब शेणाच्या खड्ड्याची. शेण, मूत आणि धुण्याचं पाणी साठवायची ही जागा रिकामी दिसली तरी आत कधीही उतरू नका. वरची साय फुटली की हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर येतो आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. या देशात एकाच घरातली दोन-तीन माणसं अशी गेली आहेत. खड्डा बंद करायची रीत ठरलेली आहे : पातळ भाग उपसून शेतात गरजेइतकाच द्यायचा, तळाचा गाळ काढायचा, मग बुजवायचं. कृषी खात्याच्या मृदसंधारण सेवेचं यासाठी वेगळं मानक आहे, क्रमांक ३६०, आणि त्यांच्याच 'इक्विप' या अनुदान योजनेतून खर्चाचा वाटा मिळू शकतो. काम सुरू करण्याआधी अर्ज मंजूर व्हायला हवा. आधी खोदून नंतर बिल दाखवलंत तर एक डॉलरही मिळणार नाही.

दुसरं फॉस्फरस. पन्नास वर्षं जिथे गाई उभ्या राहिल्या, जिथे हिवाळ्यात मुरघास खाल्ला, त्या आवारातल्या मातीत फॉस्फरस ठासून भरलेला असतो. डोळ्यांना ती माती काळीभोर, सुपीक दिसते. पावसात तोच फॉस्फरस ओढ्यात, ओढ्यातून सस्क्वेहाना नदीत आणि शेवटी चेसापीक उपसागरात शेवाळं वाढवतो. माती तपासून घ्या, एकेका शेताची वेगळी. आकडा फार वर असेल तर तिथे शेणखत बंद, आणि काही वर्षं गवत कापून बाहेर न्यायचं. प्रत्येक गाठोड्यासोबत थोडा फॉस्फरसही फाटकाबाहेर जातो. वेळ फार लागतो.

बाकी यादी पटकन : हाताने खोदलेल्या जुन्या विहिरी (कुजक्या फळ्यांखाली लपलेल्या असतात, शोधून बुजवा), डिझेलच्या गाडलेल्या टाक्या, कलंडलेला मुरघासाचा सायलो, कोठाराच्या छपरातलं अ‍ॅस्बेस्टॉस. मुरघासाचा निळा बुरूज दिसतो झकास, पण पाडायचा की ठेवायचा हे आताच ठरवा.

कागद कुणाकुणाच्या हातात आहेत

टायटलचा, म्हणजे मालकीहक्काच्या कागदांचा, शोध घ्यायचाच, पण तीन गोष्टींवर बोट ठेवून विचारा.

एक, जमिनीखालचे हक्क. उत्तर आणि पश्चिम पेनसिल्वेनियात मार्सेलस खडकातल्या वायूसाठी लोकांनी पूर्वी करार करून ठेवलेत, काही ठिकाणी खनिजहक्क आजोबांच्या काळातच वेगळे विकलेत. हे हक्क दुसऱ्याकडे असतील तर वरून खाणकाम होण्याची शक्यता जवळजवळ नगण्य आहे, असा भूवैज्ञानिकाचा अहवाल लागतो. त्याशिवाय करसवलत धोक्यात.

दोन, वाटा आणि वाहिन्या. विजेचे खांब, गॅसची पाइपलाइन, शेजाऱ्याचा जायचा रस्ता. जुन्या दस्तांत काय लिहिलंय ते नकाशावर आखून घ्या.

तीन, कर्ज. जमीन गहाण असेल तर बँकेने तिचा हक्क ईझमेंटच्या खाली ठेवतो असं लिहून द्यावं लागतं, आणि तेही दस्त नोंदवण्याआधी. नाहीतर उद्या कर्ज बुडालं की बँकेच्या जप्तीत ईझमेंटही वाहून जाईल. आमच्या बँकेत ही विनंती कुठल्या टेबलावर जाते हेच कुणाला माहीत नव्हतं. सात महिने गेले. डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला सहीचा कागद आला, त्यात पार्सलचा (जमिनीच्या तुकड्याचा) नंबर चुकलेला. ते वर्ष हातचं गेलं आणि मूल्यांकन जुनं झालं म्हणून पुन्हा करावं लागलं. तेव्हा बँकेचं पत्र पहिल्याच महिन्यात टाका.

ईझमेंट कुणाला द्यायचं?

पेनसिल्वेनियात तीन रस्ते आहेत आणि ते कधी कधी एकमेकांत मिसळतात.

काउंटीचा शेतजमीन-संरक्षण कार्यक्रम ईझमेंट विकत घेतो. राज्यात तो १९८८ पासून आहे आणि आजवर ६,००० हून जास्त फार्म त्यात आली आहेत. जमीन 'कृषी सुरक्षा क्षेत्रा'त नोंदलेली हवी, साधारण ५० एकरांच्या वर हवी, आणि निम्म्याहून जास्त माती चांगल्या प्रतीची हवी. गुणांकनाने क्रम लागतो, रांग लांब असते. पैसे मिळतात, अटी मात्र काउंटीच्या आणि त्यांचा कल शेतीकडे असतो. पाणथळीतल्या बेडकांशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

केंद्राचा एसेप नावाचा कार्यक्रम ट्रस्टला किंवा काउंटीला ईझमेंटच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम देतो. त्यात छप्पर, काँक्रीट वगैरे पाणी न मुरणारं आच्छादन सहसा जमिनीच्या २ टक्क्यांत ठेवावं लागतं. कोठार, गोठा, यंत्रशाळा, घर यांची बेरीज करून बघा. जुन्या डेअरीला हा आकडा लवकर टोचतो.

तिसरा रस्ता दान. खासगी लँड ट्रस्टला ईझमेंट द्यायचं आणि करात वजावट घ्यायची. आम्ही हा घेतला, कारण मसुद्यात आपल्या जमिनीपुरतं लिहायला इथेच सर्वाधिक वाव असतो. ट्रस्ट निवडताना मान्यताप्राप्त आहे का ते बघा आणि सरळ विचारा : मागच्या वर्षी तुम्ही किती जमिनींवर पाहणीला गेलात, आणि उल्लंघन झालं तेव्हा काय केलंत? 'असं कधी झालंच नाही' म्हणणाऱ्याकडून उठून या.

एक आकडा डोक्यात राहावा म्हणून उदाहरण, गोल आकड्यांचं. प्लॉट पडू शकतात या हिशेबाने जमीन २० लाख डॉलरची आणि ईझमेंटनंतर नुसती शेतजमीन म्हणून १२ लाखांची असेल, तर ईझमेंटची किंमत ८ लाख. विकलंत तर हे पैसे, दान केलंत तर ही वजावट. थोडं विकून थोडं दानही करता येतं.

मसुदा : इथे घाई नको

पेनसिल्वेनियातल्या बऱ्याच ट्रस्टचा नमुना-मसुदा जमिनीचे तीन भाग करतो : सर्वाधिक संरक्षण, सर्वसाधारण संरक्षण आणि किमान संरक्षण. पाणथळ, ओढाकाठ, जुनं जंगल पहिल्यात. कुरणं आणि शेतं दुसऱ्यात. घर, गोठा, कोठार तिसऱ्यात, जिथे बांधकामाला मोकळीक असते.

आमची चूक या तिसऱ्या भागात झाली. नवऱ्याने नकाशावर घर आणि गोठ्याभोवती छान चौकोन काढला. आटोपशीर दिसत होता, ट्रस्टही खूश. चार वर्षांनी सेप्टिक टाकी भरून वाहू लागली तेव्हा कळलं, की सांडपाणी जमिनीत मुरवणारे नवे पाइप टाकायला योग्य माती चौकोनाच्या बाहेर चाळीस फुटांवर आहे. परवानगी मिळाली, पण पत्रव्यवहारात एक उन्हाळा गेला आणि तोपर्यंत अंगणाला वास. चौकोन आखण्याआधी मुरवण-चाचणी करा. विहीर, सेप्टिक, त्याची पर्यायी जागा, वीज, ट्रक वळवायची जागा, हे सगळं आत घ्या. नंतर चौकोन लहान करायला कुणाची हरकत नसते. मोठा करायला मात्र जवळजवळ कुणीच तयार होत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो : जनावरांना दस्तातून हाकलून देऊ नका. जुनं डेअरी फार्म राखायला निघालेल्या माणसाला वाटतं, गाईंनी ओढा तुडवला, पाणी घाण केलं, आता त्यांना बंदी. आमच्या पहिल्या मसुद्यात खालच्या ओल्या कुरणात 'चराई नाही, झाडं लावणे' असं होतं. मग एक जीवशास्त्रज्ञ बाई बूट घालून तिथे दोन तास वाकून फिरल्या आणि एका गवताच्या झुबक्याजवळ थांबल्या. चिखलात, गाईच्या खुराच्या जुन्या खड्ड्यात, तळहातावर मावेल एवढं कासव. पाठ जेमतेम साडेतीन इंच, मानेच्या बाजूला केशरी ठिपका. बॉग टर्टल. १९९७ पासून केंद्राच्या यादीत धोक्यातली प्रजाती. त्याला उघडी, उन्हाची, मऊ चिखलाची पाणथळ लागते. हलकी चराई बंद केली की तिथे मल्टिफ्लोरा गुलाब, उंच गवत आणि मेपलची रोपं माजतात, सावली पडते आणि कासव संपतं. आम्ही तिथे झाडं लावली असती तर ती सरकारी अनुदानाने लावली असती आणि कासव मोठ्या पुण्याईने मारलं असतं.

आता दस्तात त्या भागासाठी लिहिलंय : 'अधिवास राखण्यासाठी, व्यवस्थापन-आराखड्यानुसार, मर्यादित चराई'. गाईंची संख्या दस्तात घातली नाही, आराखड्यात घातली. आराखडा दर काही वर्षांनी बदलता येतो. हे सूत्र सगळीकडे वापरा : हेतू दस्तात, आकडे आराखड्यात. (कासव सापडलं तर जागेचा फोटो कुठेही टाकू नका. चोरून पकडून विकणारे असतात.)

शेतीची व्याख्याही मोकळी ठेवा. चीज करायची खोली, शेतावरचं विक्रीचं दुकान, शेळ्या, फळबाग, स्वतःपुरते सौरपटल. पुढचा शेतकरी काय करेल कुणास ठाऊक. हजारो डुकरांची बंदिस्त शेड नको असेल तर ते स्पष्ट लिहा.

करांचं

थोडक्यात लिहिते, कारण यासाठी ईझमेंटची कामं केलेला सीपीए, म्हणजे इकडचा सीए, लागतोच. दानाची वजावट वर्षाच्या समायोजित उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत घेता येते आणि उरलेली पुढची १५ वर्षं ओढता येते. निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीचं असेल तर मर्यादा १०० टक्के. मूल्यांकन दानाच्या ६० दिवसांपेक्षा आधीचं नको. विवरणपत्राला दानाचा फॉर्म ८२८३ जोडायचा, आणि 'बदल्यात काही दिलं नाही' असं ट्रस्टचं पत्र विवरणपत्र भरण्याआधी हातात हवं. या एका पत्रावाचून मोठमोठ्या वजावटी कोर्टात उडाल्या आहेत.

आपल्या डॉक्टर-इंजिनीअर मंडळींसाठी खास : 'दहा हजार घाला, चाळीस हजारांची वजावट घ्या' अशी ईझमेंटची भागीदारी कुणी जेवणाच्या टेबलावर मांडली तर ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जा. २०१६ च्या अखेरीस कर खात्याने असे व्यवहार संशयित यादीत टाकले आणि २०२२ च्या अखेरीस कायद्यानेच भागीदाऱ्यांना गुंतवणुकीच्या अडीच पटींची सीमा घातली.

मालमत्ता करासाठी 'क्लीन अँड ग्रीन' वेगळं आहे, १९७४ च्या कायदा ३१९ खालचं. १० एकर किंवा त्याहून मोठ्या शेतजमिनीवर बाजारभावाऐवजी वापराच्या मूल्यावर कर लागतो. वापर मोडलात तर सात वर्षांपर्यंतचा फरक ६ टक्के व्याजासह भरावा लागतो. आधीच्या मालकाने नोंद केलीय का ते विचारून घ्या.

सही झाल्यावरची शेती

ईझमेंट जमीन वाचवतं, पण ती सांभाळत नाही. हात न लावता सोडलेलं कुरण पाच-सहा वर्षांत काटेरी झुडपांनी भरतं. मल्टिफ्लोरा गुलाब इथे सरकारनेच एके काळी जिवंत कुंपण म्हणून वाटला होता; आता तो उपटताना आमची बोटं रक्ताळतात. भाड्याच्या शेळ्या आणल्या, तीन उन्हाळे सलग. पहिल्या वर्षी फक्त पानं गेली, तिसऱ्या वर्षी खोडं वाळली.

चराई आम्ही एका तरुण जोडप्याला दिलीय, मांसासाठीच्या गाई. कुरणाचे वीस तुकडे विजेच्या सुटसुटीत तारेने पाडलेत. गवत आठ-दहा इंचांवर आलं की गाई आत, तीन-चार इंचांवर आलं की बाहेर, मग महिनाभर विश्रांती. उन्हाळ्यात जास्त, वसंतात कमी. कॅलेंडर बघून गाई हलवू नका, गवत बघून हलवा.

वाळलेल्या चाऱ्याचं मोठं शेत मात्र आम्ही उशिरा कापतो. तिथे बॉबोलिंक नावाचे पक्षी जमिनीवर घरटं करतात. दक्षिण अमेरिकेतून हजारो मैल उडून येतात आणि मे अखेर ते जुलै मध्य त्यांची पिल्लं गवतात असतात. नेमकी तेव्हाच चाऱ्याची पहिली उत्तम कापणी असते. १५ जुलैनंतर कापलेला चारा राठ होतो, दुभत्या गाईला चालत नाही. आमच्या भाडेकरूच्या गाभण गाईंना चालतो. सगळं कुरण उशिरा कापणं परवडत नाही, म्हणून ओढ्यापासून लांबचे, जंगलाच्या कडेपासून दूरचे २६ एकर तेवढे राखलेत. आपल्याकडे माळरानाला पडीक म्हणून मोकळं होतात, तसं इथेही गवताला कुणी जंगल मानत नाही. झाडं लावली की फोटो येतो, गवताचा कुठून येणार?

बाकी ओढ्याला ३५ फुटांपेक्षा जास्त रुंद झाडांचा पट्टा लावलाय, क्रेप या सरकारी योजनेतून. रोपांभोवतीच्या नळ्या दरवर्षी तपासा, उंदीर आत घर करतात आणि बुंधे कुरतडतात.

दरवर्षीचा फेरा

सही होण्याआधी ट्रस्ट 'बेसलाइन' अहवाल करतो : नकाशे, फोटो-बिंदू, इमारतींची मापं, कुंपणं, उकिरडेसुद्धा. तो नीट वाचा. जे आधीपासून होतं ते त्यात नसेल, तर उद्या तुम्ही ते नवीन केलंत असं दिसेल. आमचा जुना ट्रॅक्टर-रस्ता राहून गेला होता, सहीच्या आदल्या दिवशी घातला. ट्रस्ट कायमच्या देखरेखीसाठी एकरकमी निधीही मागतो. ही मागणी रास्त आहे, बजेटमध्ये धरा.

मग वर्षातून एकदा माणूस येतो, त्याच बिंदूंवर उभा राहून तेच फोटो काढतो. त्याच्यासोबत चाला. भाडेकरूलाही बोलवा आणि ईझमेंटची प्रत भाडेकरारालाच जोडा, कारण तुमच्या नकळत मुरूम टाकून रस्ता करणारा बहुधा तोच असतो. काही बांधायचं असेल तर आधी पत्र. जमीन विकताना किंवा मुलांच्या नावे करताना ट्रस्टला आगाऊ कळवायची मुदत दस्तात असते, ती फ्रिजवर लावून ठेवा.

यंदाच्या फेऱ्यात बिंदू क्रमांक नऊवर फोटो घेताना एक कालवड मध्ये येऊन उभी राहिली आणि हटेना. बेसलाइनमधल्या त्याच फोटोत रिकामं कुरण होतं. माणसाने तिच्यासकटच फोटो काढला आणि शेऱ्यात लिहिलं : 'चराई चालू. दस्ताशी सुसंगत.'